दामूच्या कानातले दोन थेंब

यमुताईंना मालिश येत नाही असं म्हणणारा माणूस तांडापेठेत अजून जन्मायचा होता, आणि जन्मला असता तरी त्याची पहिली आंघोळ यमुताईंच्याच पायांवर झाली असती. वस्ती विणकरांची. नवरा होता तोवर घरात हातमाग खडखडायचा. तो गेला, माग भंगारात गेला, आणि यमुताईंनी घरोघरची बाळंतिणींची कामं धरली. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं आणि जवसाचं कोमट तेल असं जिरवायचं की रडकं लेकरूसुद्धा आंघोळ होता होता पेंगायला लागायचं. शेवटी टाळूवर तेल, बेंबीत तेल, कानांत दोन-दोन थेंब, आणि मग शेगडीवर ओवा नि लसणाची सालं टाकून धुरी. हा त्यांचा शिरस्ता. त्यात कुणी ढवळाढवळ केलेली त्यांना खपायची नाही.

पण घरात सून आली की सासूचे कायदे बदलतात. मयुरा, म्हणजे त्यांच्या प्रज्वलची बायको, मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. लेकीला, दामिनीला म्हणजे दामूला, पहिली लस टोचून आणली त्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "आई, मालिश तुम्हीच करा. पण कानात काही टाकायचं नाही. नर्सनं बजावून सांगितलं आहे."

"काहून वं? तुह्या नवऱ्याच्या कानात मी कमी तेल टाकलं का? तो का बहिरा झाला?"

"मी बोलते तेव्हा तर बहिराच असते तो," मयुरा म्हणाली, आणि यमुताईंना हसू आवरेना.

कुरकुर केली, पण ऐकलं हो त्यांनी. दामू बसायला लागली, रांगायला लागली, तरी तिच्या कानात थेंब गेला नाही. धुरी मात्र चालू होती. मयुरा त्याबद्दल काही बोलली नव्हती, आणि यमुताईंनी विचारलंही नव्हतं. विचारून नकार कशाला ओढवून घ्यायचा!

यंदा थंडी कडक पडली. दामूला सर्दी धरली ती सुटेचना. नाक वाहतं, थांबतं, पुन्हा वाहतं. एके दिवशी मयुरा जेवता जेवता म्हणाली, "आमच्या कंपनीजवळ एक पाळणाघर आहे. कॅमेरे गिमेरे लावले आहेत. एक तारखेपासून दामूला तिथं ठेवून पाहू का? आईलेही आराम." प्रज्वल हिंगण्याहून ड्युटी करून दमून आलेला. तो म्हणाला, "पाहू."

आराम! यमुताईंनी तो मागितला होता कधी? आताशा मालिशची बोलावणीही कमी झाली होती. सकाळी दोघं कामावर गेले की या घरात उरायच्या त्या आणि दामू. दामू गेली तर दिवसभर भिंतींशी बोलायचं का? त्या भाताचा घास नुसता फिरवत राहिल्या. मनात मात्र पक्कं केलं, लेकराला आता शिंकही येऊ द्यायची नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात झालं. दुपारी पाळण्यात निजवून तोंडात दुधाची बाटली दिली, तर दामूनं ती भिरकावून दिली आणि जे भोकाड पसरलं, ते थांबेचना. उजवा कान ओढते, मान टाकते, अंग तापलेलं. यमुताईंनी खांद्यावर घेतलं, अंगणात फिरवलं, कावळा दाखवला, चमचा वाजवला. काही केल्या काही नाही. मयुराला फोन लावला. पण कंपनीत कामाच्या जागी फोन नेऊ देत नाहीत, तो नुसता वाजत राहिला. प्रज्वलचाही तसाच.

"काय होऊन राहिलं माय? काहून रडून राहिली माही पोट्टी?" त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि पाण्याबरोबर हातही चालले, वर्षानुवर्षं चालत आलेले हात. कढलीत जवसाचं तेल, त्यात ठेचलेली लसणाची पाकळी. कोमट झाल्यावर बोटावर घेऊन पाहिलं. मयुराचा शब्द आठवला नाही असं नाही. आठवला, चांगला आठवला. पण लेकरू टाहो फोडतं तेव्हा कुठला शब्द नि कुठलं काय! दोन थेंब सोडले उजव्या कानात.

थोड्या वेळात दामूचं रडणं उतरलं. हुंदके देत देत ती मांडीवर झोपली. यमुताईंना असा आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं ना? उगाच का लोक इतक्या वर्षांपासून टाकत आले?

पण ती उठली तेव्हा तिच्या कानाखालचं दुपटं ओलं होतं. पिवळसर, चिकट, वास मारणारं. नुसतं तेल असं दिसत नाही. यमुताईंचा आनंद जागच्या जागी विरला. त्यांनी दुपटं धुऊन टाकलं.

संध्याकाळी मयुरानं ताप पाहिला, कानाचा घाण वास घेतला, आणि हातातली पर्स न ठेवताच म्हणाली, "चला आई, डॉक्टरकडे." तेलाचं यमुताई काही बोलल्या नाहीत. तोंड उघडलं की एक तारखेचं पाळणाघर पक्कं, एवढंच त्यांना कळत होतं.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई चौकापलीकडे बसतात. त्यांनी दामूला मयुराच्या मांडीवर घट्ट धरायला लावून कानात बॅटरी मारली, जरा थबकल्या आणि विचारलं, "कानात काही टाकलंय का? ड्रॉप्स, तेल, काही?"

"नाही," मयुरा ठामपणे म्हणाली. "आमच्या घरी कुणीच टाकत नाही."

कुणीच नाही! सुनेनं किती भरवशानं सांगितलं होतं. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. दामूला बोलता येत नव्हतं, दुपटं दोरीवर वाळत होतं. पण डॉक्टरीणबाई विचारतात म्हणजे काहीतरी कारण असेल. लेकराच्या औषधात चूक झाली तर? तिला ऐकूच आलं नाही तर?

"मी टाकलं," त्या म्हणाल्या. "जवसाचं तेल. लसूण टाकून. आज दुपारी." आणि एकदा बांध फुटल्यावर थांबतायत कुठल्या! "आन् धुरी बी रोज देली. आन् बाटली पाळण्यातच, निजवून. मले वाटलं, झोपते बिचारी..."

मयुरानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. 

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजी, दुपारी ती शांत झाली ना, ती तेलानं नाही. सर्दीमुळे कानात आत पू साचला होता, त्यानं पडद्याला भोक पाडलं आणि दाब उतरला, म्हणून दुखणं कमी झालं. त्या भोकातून तेल आत जाऊ शकतं, आणि कुठलं औषध चालेल तेही त्यावरच ठरतं."

"बहिरी तर नाही होणार ना, बाई?"

"नाही हो. पडदा बहुतेक काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. मी पुन्हा तपासेन." मग त्यांनी औषधं लिहिली, दुखेल तेव्हा द्यायचं सिरप वेगळं समजावलं. कान कोरडा ठेवायचा, आंघोळीत पाणी जाऊ द्यायचं नाही, आत काडी-बोळा काही घालायचा नाही. दूध पाजताना डोकं उंच हवं, आडवं निजवून पाजलं की नाकामागच्या नळीतून कानापर्यंत गडबड होते. आणि धूर, मग तो विडीचा असो की ओव्याचा, लेकराच्या नाका-कानाला वाईटच. "दुखलं तर उभं धरून खांद्यावर घ्या, कानावर बाहेरून कोमट सुका कपडा धरा. आणि मालिश करा की, खुशाल करा. फक्त कान सोडून."

 घरी येताना ऑटोत दामू आईच्या खांद्यावर झोपली होती.

घरी आल्यावर यमुताईंनी शेगडी उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवली. मग एक पिशवी काढली आणि दामूची झबली, टोपडी, खुळखुळा एकेक करून भरू लागल्या. घड्या नीट घातल्या.

मयुरा दारात उभी राहिली. "हे काय करून राहिल्या, आई?"

"पाळणाघराचं. तुले सकाळी घाई होते." त्यांनी एक टोपडं उलगडून पुन्हा घडी घातली. "मी तुही गोष्ट मोडली वं. लेकराच्या कानाले..."

"हाव, मोडली." मयुरा आत आली, खाली बसली आणि पिशवीतली झबली एकेक बाहेर काढायला लागली. "मले भयंकर राग आला आहे. तिथंच ओरडणार होते मी. पण आई, त्या पाळणाघरात ती अशीच रडली असती आन् कुणी काही टाकलं असतं, तर तिथल्या बाईनं डॉक्टरसमोर सांगितलं असतं का? नोकरी जाईन म्हणून गप्प बसली असती. तुम्हाले तर माहीत होतं, सांगितलं की दामू हातची जाईन. तरी सांगितलं." तिनं रिकामी पिशवी झटकली. "दामू तुमच्याजवळच राहीन. राग मात्र माहा जाणार नाही इतक्यात."

यमुताईंनी पदरात तोंड खुपसलं आणि हमसाहमशी रडल्या. मग नाक पुसत म्हणाल्या, "रागाव, माय. चांगली महिनाभर रागाव."