ठकुबाईंची पंचेचाळीस वर्षांची थाप

बेंगळूरुत राजाजीनगरच्या गुंडूरावांच्या घरात माणूस एक वेळ हरवेल, कागद हरवणार नाही. गुंडूराव सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण सारी नोकरी त्यांनी क्लार्कच्या खुर्चीत काढली. बंदुकीपेक्षा टाइपरायटरच जास्त चालवला. जवानाच्या घरात लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद ज्या पत्रकात निघते त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. गुंडूरावांच्या मते ती निघेपर्यंत मूल जन्मलेलंच नसतं, नुसतं रडत असतं.

अशा माणसाबरोबर ठकुबाईंनी बावन्न वर्षं संसार केला. घरातले सगळे कागद नवऱ्याच्या लोखंडी पेटीत आणि घरातली सगळी अक्कल आपल्या डोक्यात, अशी त्यांनी वाटणी करून घेतली होती. खोटं बोलायचा त्यांना कंटाळाच. आयुष्यात एकदाच काय ते बोलल्या, आणि ती थाप पंचेचाळीस वर्षांनी लेकीच्या पासपोर्टाला आडवी आली.

झालं असं की, नात सिद्धी जर्मनीत होती. पुण्याच्या निहारशी लग्न करून दोन वर्षांपूर्वी गेलेली. तिचं पहिलंच बाळंतपण, आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलेलं. लेकीला येता येत नाही तर आईनं जावं, म्हणून शिल्पाश्री निघाली. ही ठकुबाईंची एकुलती एक मुलगी, बनशंकरीला राहणारी, बँकेत नोकरी करणारी. एक्कावन्न वर्षांत ती देशाबाहेर गेली नव्हती. जन्मली मात्र बाहेरच होती, भूतानात. तिथल्या फौजेला शिकवायला आपली एक तुकडी गेली होती आणि गुंडूराव तिचे हिशेबनीस-कारकून होते.

अर्ज अर्थातच गुंडूरावांनी भरला. जन्मस्थळ: पारो, भूतान. पुढे पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, तोंडपाठ. दहा दिवसांनी कचेरीकडून आक्षेप आला, की शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ बेंगळूरु आहे. खुलासा करा, मूळ कागद घेऊन या. सिद्धीचे दिवस भरायला सात आठवडे उरले होते आणि व्हिसा अजून व्हायचाच होता.

गुंडूरावांनी शाळेचा दाखला हातात घेतला, चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. साऱ्या पलटणीच्या कागदांतल्या चुका काढणाऱ्या माणसानं पोटच्या मुलीचा दाखला कधी वाचलाच नव्हता. तिचं नाव शाळेत घातलं तेव्हा ते तेजपूरला होते.

"हेडमास्तराचा शुद्ध हलगर्जीपणा!" ते गरजले. "मी लेखी तक्रार करतो."

"अण्णा, ते वारून वीस वर्षं झाली," शिल्पाश्री म्हणाली.

"मग त्या जागेवर जो असेल त्याला करतो!"

ठकुबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवशी सारात दोनदा मीठ पडलं आणि गुंडूराव सोडून सगळ्यांच्या ते ध्यानात आलं.

कारण हेडमास्तरांनी बिचाऱ्यांनी सांगितलं तेच लिहिलं होतं. एका हाताला सहा वर्षांची शिल्पा, दुसऱ्या बाजूला स्वतःची आई, मागे रांगेत ओळखीच्याच चार बायका, अशा ठकुबाई तेव्हा शाळेत उभ्या होत्या. हेडमास्तरांनी विचारलं, "पोरीचा जन्म कुठला?" आता पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही त्यांच्यातली रीत. ते परमुलखात झालं म्हटलं की लोकांनी पुढचं पुराण रचलंच म्हणून समजा: माहेरच्यांनी लेकीला आणलीसुद्धा नाही! खरं म्हणजे आईनं डिंकाचे लाडू वळून ठेवले होते, खाट विणून घेतली होती. पण घाटात बर्फ पडला, रस्ता बंद झाला आणि पोरीनं महिनाभर आधीच घाई केली. हे सगळं रांगेतल्या चौघींना कोण समजावणार? ठकुबाईंनी आईकडे पाहिलं. आई पायांकडे बघत होती.

"इथलाच," ठकुबाई ठणकावून म्हणाल्या. "माझ्या आईच्या घरी."

परतताना आईनं वाटेत थांबून मोगऱ्याचा हातभर गजरा घेतला आणि लेकीच्या केसांत माळला. त्यावर दोघी कधी काही बोलल्या नाहीत.

आता ती आई नव्हती. पण तिची अब्रू सांभाळता सांभाळता आपण नातीचं बाळंतपण आईवाचून करायला निघालो, या विचारानं ठकुबाईंनी भरलं ताट पुढ्यातून सरकवलं. एकटीनं पहिलं मूल जन्माला घालणं म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

कचेरीत जायच्या दिवशी त्या नेसून तयारच होत्या.

"तुझं काय काम तिथं?" गुंडूरावांनी विचारलं.

"पेटी धरते," त्या म्हणाल्या.

तिथले अधिकारी वादिराज म्हणून, चाळिशीचे, शांत. "कुत्कोळ्ळी अम्मा," म्हणत त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. गुंडूरावांनी पार्ट टू ऑर्डर टेबलावर ठेवली आणि छाती काढून सांगितलं, "मी सरकारी नोकरीत होतो. म्हणून मुलगी परदेशात जन्मली तरी भारतीयच."

"सर, ते कलम तुम्हाला लागतच नाही," वादिराज हसून म्हणाले. "बाप स्वतः परदेशात जन्मलेला असेल, तर सरकारी नोकरीचा प्रश्न. तुम्ही इथलेच. त्या काळी बाप भारतीय असला की पुरे होतं."

पन्नास वर्षांची शेखी एका वाक्यात गेली. गुंडूराव खाली बसले.

"आणि आई?" ठकुबाईंनी विचारलं.

"आईचं तेव्हा धरत नव्हते, अम्मा. ब्याण्णवनंतर धरायला लागले."

"म्हणजे पोटात मी वाहिली आणि देश मिळाला तो यांच्याकडून? नऊ महिने!"

"आठ," गुंडूराव सवयीनं म्हणाले.

शिल्पाश्रीला हसू आवरेना. वादिराज मात्र पुन्हा दाखल्याकडे वळले. "प्रश्न नागरिकत्वाचा नाहीच. दोन कागद दोन गावं सांगतात. शाळेत हे बेंगळूरु कोणी सांगितलं?"

गुंडूराव हेडमास्तरांचं नाव घेणार, तोच ठकुबाई उभ्या राहिल्या. "मी. खोटं सांगितलं. माझ्या आईला लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून सांगितलं." बर्फ, लाडू, रांगेतल्या चार बायका, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. गुंडूराव बायकोकडे बघतच राहिले. बावन्न वर्षांत हिचं तपासायचं असं काही असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

वादिराजांनी दाखला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. प्रतिज्ञापत्र करून द्या. जन्म पारोलाच झाला, हे स्वतः माहीत असलेल्या माणसाची सही हवी."

गुंडूरावांनी खिशातलं पेन काढलंच.

"सर, जन्माच्या वेळी तुम्ही हजर होता?"

गुंडूराव थबकले. कागदापुढे खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "ऑफिसात होतो. टाइप करत होतो."

"मग सही अम्मांची."

गुंडूरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन बायकोच्या हातात दिलं. ठकुबाईंनी सावकाश, एकेक अक्षर कोरत, पूर्ण नाव लिहिलं. लेकीच्या जन्माच्या कागदावर त्यांची ही पहिली सही होती, आणि त्यांना विलक्षण आनंद झाला. "घाटातला बर्फ मी पाहिलाच नाही गं," रिक्षात बसल्यावर गुंडूराव एवढंच म्हणाले.

पासपोर्ट आला, व्हिसा झाला, शिल्पाश्री बाळंतपणाच्या नऊ दिवस आधी जाऊन पोचली. मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यात फोनवर सगळे दिसू लागले, तर गुंडूरावांनी बाळ बघण्याआधीच सुरू केलं, "एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंद झालीच पाहिजे! निहार, फॉर्म भरलास?"

"समोरच आहे, आजोबा."

ठकुबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला. पडद्यावर सिद्धी, तिच्या मांडीवर बाळ, शेजारी शिल्पाश्री.

"सिद्धी, त्यात आईच्या सहीची जागा आहे का गं?"

"आहे की, आजी."

"मग आधी ती कर," ठकुबाई म्हणाल्या. "आणि गाव खरं लिही. तुझी आई तिथं होती."