बायकाच कशा पडतात?

तिला दवाखान्यात सगळे जबडेबाई म्हणत. ती जबड्याची डॉक्टरीण, आणि वर्षभरात कुणाचे जबडे कशाने मोडले याचा आढावा घेण्याचं कामही तिच्याच गळ्यात पडलेलं. पुरुष गाडीवरून आपटलेले, मारामारीत फुटलेले. बायका मात्र झाडून सगळ्या घरात पडलेल्या!

"काय गं, पडायचा चंगच बांधलाय का यांनी?" ती सिस्टरला म्हणाली.

अहो, तोंडावर पडलं की आधी हनुवटी फुटते. यांच्या हनुवटीवर साधा ओरखडा नसे, आणि हाड मोडलेलं डाव्या गालाशी, समोरच्याचा उजवा हात बसेल तिथे. मग तिच्या लक्षात आलं. आपण आधी हाड जुळावं म्हणून वरखालचे दात तारेने आवळून टाकतो आणि विचारपूस नंतर करतो! बाईचं तोंड बंद, आणि कारण सांगतो तिला घेऊन आलेला.

"अक्कल गहाण टाकली होती आपण," ती स्वतःवरच उखडली. त्या दिवसापासून आधी विचारायचं, तेही एकटीला, मगच तार.

पुढच्याच आठवड्यात शिवणकाम करणारी एक मुलगी आली. गाल सुजून टम्म.

"जिन्यावरून पडली," नवरा म्हणाला. "धांदरटच आहे."

"असू दे. एक्स-रेच्या खोलीत नातेवाईक चालत नाहीत. बाहेर बसा."

आत जबडेबाईने तिचा हात धरला. "तार बांधली की दीड महिना धड बोलता येणार नाही, पोरी. जे सांगायचं ते आत्ता सांग."

"त्याने मारलं," मुलगी कशीबशी म्हणाली. "घरी पाठवू नका. दादाला बोलवा."

दादा धावत आला. पोलिसांनी तिचा जबाब घेतला, तिच्याच तोंडून. बाहेर आवाज चढवणाऱ्या नवऱ्याची पाचावर धारण बसली. मुलगी दादाकडे गेली.

दीड महिन्याने जबडेबाईने तिची तार काढली. खरं सांगूनही पुन्हा त्याच घरी गेलेल्या जणी तिने या दीड महिन्यातच पाहिल्या होत्या. आणि जामिनावर सुटलेला नवरा दवाखान्याच्या दारात हजर, साखर पेरत. "झालं गेलं विसर. चल घरी."

दादा उसळला. मुलीने त्याला हाताने थोपवलं. जबडा आखडलेला, बोटभरसुद्धा उघडेना. तिने तो जोर लावून उघडला.

"नाही येणार!"

अख्ख्या व्हरांड्याने ऐकलं. जबडेबाईने टेबलावर थाप मारली, "शाब्बास, माझी वाघीण!" आणि सगळ्यांदेखत खुशाल रडली.