आईचं कृपादान

डोंगरकडा गावात आमचं ख्रिस्ती घर जवळजवळ एकटंच. बाबा शाळामास्तर. चर्चचे पाळक नांदेडहून महिन्यातून एखादे वेळी यायचे. बाकीच्या रविवारी आमच्या पुढच्या खोलीत बाबाच उपासना घ्यायचे. आजूबाजूच्या खेड्यांतली मोजकी कुटुंबं सतरंजीवर दाटीवाटीनं बसायची. बाबांचं शिकवणं सरळ होतं. माणूस पापी आहे, ख्रिस्त त्याच्यासाठी मेला आणि उठला, हीच सुवार्ता. बाकी सगळं त्याच्या मागून.

आमचा तालुका अजून परभणी जिल्ह्यात होता तेव्हाची गोष्ट. शेजारच्या मेंढपाळाची बायको सुजलेला गुडघा घेऊन आमच्या ओसरीवर टेकली. चालवत नव्हतं, रडत होती. आईनं भाकरी थापता थापता उठून, पिठाच्याच हातानं तिचा गुडघा धरला आणि येशूचं नाव घेऊन चार शब्द बोलली. दुसऱ्या दिवशी ती बाई मेंढरांमागे गेली आणि गावभर सांगत सुटली.

मग लोक यायला लागले. तांड्यावरच्या बायका लेकरं कडेवर घेऊन यायच्या, तेलाची बाटली पुढं करायच्या. आई तेलावर प्रार्थना करायची. कुणाचा ताप उतरायचा, कुणाचा नाही. ज्यांचा उतरायचा ते चार माणसांना सांगायचे. ज्यांचा नाही ते परत यायचेच नाहीत. हे मला फार उशिरा कळलं.

बाबांना ते पटत नव्हतं. एकदा जेवताना ते म्हणाले, "त्या तांड्यावरच्या बाईनं तेल नेऊन कुठं ठेवलं माहीत आहे का? देव्हाऱ्यात, बाकीच्या देवांशेजारी."

"ठेवू द्या की," आई म्हणाली. "लेकरू तर उठून बसलं."

"लेकरू उठलं. पन येशू कोन, हे तिला कळलं का?"

"येशूनं त्या धा कुष्ठरोग्यायला बरं करायच्या आधी प्रश्नोत्तरं पाठ करायला लावली होती काय?"

"धा जनांतला एकच त्याचे आभार मानायला माघारी आला, ध्यानात ठेव."

"बरे तर धाबी झाले ना?"

बाबा अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

पुढं तालुक्याला, कळमनुरीला, एक नवा प्रचारक आला. बाजाराच्या मैदानात मांडव, भोंगा, ढोलक. आईची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती. त्यानं तिला बोलावून मंचावर उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "या बाईला आरोग्य देण्याचं कृपादान हाय." त्या दिवशी आई अन्य भाषेत बोलली, पवित्र आत्मा उतरला की तोंडून येतात म्हणतात तसे कुणालाच न कळणारे शब्द. मी तिच्या शेजारीच होते. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. लोक हात वर करून रडत होते आणि मी तिचा पदर घट्ट धरून उभी होते.

नंतर आमची पुढची खोली रिकामी व्हायला लागली. निम्मी मंडळी रविवारी कळमनुरीची गाडी धरू लागली. गोळी खाणाऱ्याचा विश्वास अर्धा, असं तो प्रचारक सांगायचा. आई तसं कधी म्हणाली नाही. मला ताप आला की गोळीच द्यायची. पण त्याचं म्हणणं तिनं खोडूनही काढलं नाही. एकाच घरात एक जण बायबल उघडून बसायचा, दुसरी डोळे मिटून, आणि मधे मी.

हिंगोली जिल्हा झाल्यावर काही वर्षांनी बाबांचा आवाज बसला. आधी वाटलं, खडूची धूळ असेल. नांदेडच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. औरंगाबादला कॅन्सरवरचे विजेचे शेक देऊन आणलं, तेव्हा नुसती कुजबूज उरली होती.

प्रचारक घरी आला. बाजेशेजारी बसून म्हणाला, "मास्तर, तुमी या दानाला इरोध केला. तोच अडथळा हाय. तोंडानं कबूल करा, गाठ इरघळंल."

बाबा कसंबसं बोलले, "अन् न्हाई इरघळली तर? ख्रिस्त मेलाच न्हाई का माझ्यासाठी?"

"हाच तुमचा अविश्वास."

आई चहा घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता ही त्या प्रचारकाला हाकलते. तिनं चहा खाली ठेवला आणि बाबांपुढं हात जोडले. "अहो, म्हना ना एकदा. माझ्यासाठी म्हना."

बाबा तिच्याकडे पाहून म्हणाले, "चुकलं माझं. विरोध केला."

जन्मभर जे शिकवलं ते तिच्याखातर त्यांनी बाजूला ठेवलं. प्रचारकानं कपाळाला तेल लावलं, मोठ्यानं प्रार्थना केली आणि गेला. गाठ होती तिथंच होती. पंधरवड्यानं त्याचा निरोप आला, की मास्तरांनी नुसतं ओठानं कबूल केलं, मनानं नाही. निरोप आणणाऱ्याला आई म्हणाली, "त्याला सांगा, या घरात पाय ठेवू नको."

त्यानंतर आईची प्रार्थना बंद पडली. बसायची, ओठ हलवायची, शब्द यायचे नाहीत. गावात हळद शिजवायचे दिवस होते, घरात सगळीकडे तो वास. एका दुपारी बाबांनी खुणेनं तिला जवळ बोलावलं आणि तिचा हात ओढून आपल्या गळ्यावर नेला.

"माझ्यात काई न्हाई हो," आई रडत म्हणाली.

"तुझ्यात कदीच नव्हतं," बाबा म्हणाले. "ठेव तरी."

तिनं हात ठेवला. थोड्या दिवसांनी ते गेले. दफनाला मंडळी आली, पण दोन घोळके करून उभी राहिली. मातीसुद्धा वेगवेगळी टाकली.

लोक आईकडे पुन्हा येऊ लागले. ती प्रार्थना करायची, पण आता म्हणायची, "प्रभू, बरं केलंस तर तुझी दया. न्हाई केलंस तरी याला सोडू नको." हे दुसरं वाक्य कुणाला ऐकायचं नसायचं. हळूहळू येणारे कमी झाले. मंडळी मात्र फुटली ती फुटलीच.

मी लग्न करून नांदेडला आले. इथं उपासनेत कुणी बरं झाल्याची साक्ष द्यायला उभं राहिलं की मला आनंद होतो आणि मान वर करवत नाही. एकदा आईला विचारलं, "बाबांचंच बरोबर होतं ना?"

ती तुरीची डाळ निवडत होती. "बराबर होतं," म्हणाली. "पन लोक उठून चालत गेले, तेबी म्या डोळ्यानं पाह्यलं. कोन्तं सोडू?"

"मग बाबाच काहून नाही बरे झाले?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तेच मी प्रभूला इचारून राहिले रोज," ती म्हणाली.