पाळणाघरातले सेफ्टी ऑफिसर

दोन वर्षांच्या मुलाकडे स्फोटक पदार्थ म्हणून बघणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये एकच होता, आणि माझा मुलगा आर्यन दिवसभर त्याच्याच घरी असायचा. पाळणाघर खरं म्हणजे काकूंचं. काका निवृत्त झाले आणि त्यात आयते शिरले. त्यांची सगळी नोकरी माहुलकडच्या एका तेलाच्या कारखान्यात, सेफ्टी खात्यात गेलेली. तिथे टाक्या सांभाळल्या, इथे पोरं. फरक एवढाच, असं ते म्हणायचे, की टाकी जागची हलत नाही.

सकाळी दारातच तपासणी व्हायची. कपाळ, डोळे, जीभ, झालंच तर शेंबडाचा रंग. एकदा आर्यनला बारीक ताप होता आणि माझ्या नवऱ्याची नेमकी मोठी मीटिंग. त्यानं गुपचूप औषध पाजून पोराला दारात उभं केलं. काकांनी वाकून पोराचं तोंड हुंगलं. "संत्र्याच्या वासाचं औषध! घरी ने त्याला. आज ह्याला ताप, उद्या सगळ्या पोरांना, परवा मला!" मीटिंगची वाट लागली.

खेळणी पास करायची त्यांची रीत तर विचारूच नका. पोर जे तोंडात घालणार, ते आधी काकांच्या तोंडात जायचं. कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेल्या अस्वलाचा डोळा निघतो का, हे त्यांनी दातांनी ओढून पाहिलं. डोळा हलला नाही, कवळी मात्र बाहेर आली. "पास," काका म्हणाले. निदान आम्हाला तसं ऐकू आलं. काकू वैतागून म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात. हे माझ्या डोक्यावर येऊन बसले."

पण कळस म्हणजे त्यांची कवायत. काकूंच्या जुन्या साडीला काकांनी गाठी मारल्या होत्या. शिट्टी वाजली की प्रत्येकानं आपली गाठ धरायची आणि पहिल्या मजल्यावरून जिना उतरून गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली जायचं. पुढे काका, मागे काकू. तिथे पोहोचलं की केळ्याचा एकेक तुकडा. सोसायटीतले लोक ह्याला 'काकांची वरात' म्हणायचे आणि बाल्कनीतून टाळ्या वाजवायचे. काका त्यांना हात करायचे, पण हसायचे मात्र नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एकदा मी दुपारीच आर्यनला न्यायला आले, तर पहिल्या मजल्यावरून काळा धूर येत होता. शेजारच्या फ्लॅटमधला एसी पेटला होता. मी गेटमधून जिन्याकडे धावले. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली, आणि जिन्यातून ती साडी बाहेर पडली. पोरं खिदळत होती. आर्यन तर नाचत होता. त्यांच्या लेखी रोजचा खेळ चालला होता. "गाठ सोडायची नाही!" काका ओरडत होते, नेहमीच्याच आवाजात.

झाडाखाली आल्यावर त्यांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून पोरं मोजली. परत मोजली. एका चिमुरडीनं विचारलं, "काका, केळं?" तेव्हा मात्र ते मटकन खाली बसले. एरवी त्यांची टर उडवणाऱ्या काकूंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "आली ना सगळी? मग झालं तर."

"तू मोज एकदा," काका म्हणाले. "माझा भरवसा नाही."

काकूंनी मोजली. मग मीही मोजली.

पुढे काकूंचे गुडघे गेले. पाळणाघर बंद करून दोघं मालवणकडच्या आपल्या गावी राहायला गेली. आर्यन आता शाळेत जातो. परवा मी काकांना फोन केला. गावी गेल्यापासून त्यांची मालवणी परत आली आहे. मी विचारलं, कसं वाटतंय तिकडे?

"हयसर सगळा सेफ आसा गो," काका म्हणाले. "सांभाळूक पोरांच नाय."