भट्टीमामांच्या तीन कॅप्सूल

आमच्या गल्लीतल्या बेकरीत भट्टीमामांनी एकतीस वर्षं लाकडं फोडली, पेटवली आणि धूर फुप्फुसात साठवला. शेवटी राखेचं घमेलं बाहेर टाकायलाही चार ठिकाणी टेकावं लागे. मालकाने फर्मान काढलं: डॉक्टरने ‘कामाला लायक’ लिहून दिलं तर बेकरी, नाहीतर घर. घरी बसवणं म्हणजे मामांचा जीवच काढून घेणं.

डॉक्टर मोठे. भिंतीवर पदव्या इतक्या, की रंगाचा खर्च वाचला असावा. त्यांनी आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं, ओढायचं एक औषध दिलं. गुण नाही. जोडीला दुसरं दिलं. तरी नाही. मग सूज उतरवणारं तिसरं, तेही ओढायचंच. दर खेपेला एकच प्रश्न: औषध वेळेवर घेता ना? मामा छाती फुगेल तेवढी फुगवून हो म्हणत. खरंच, एक वेळ चुकली नव्हती.

चौथ्या खेपेला मी सोबत गेलो. तीन-तीन औषधं एकत्र देऊनही फरक नाही म्हणजे फुप्फुस संपलं, असा निकाल देऊन साहेबांनी ‘नालायक’ लिहायला पेन उघडलं. मी म्हटलं, आधी मामांना औषध घेऊन दाखवू द्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. असल्यांचं घड्याळ गरिबासमोरच धावतं.

मामांनी खिशातून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि साहेबांच्याच ग्लासातल्या पाण्याने गिळली.

ती यंत्रात घालून, फोडून, आतली पूड श्वासाबरोबर ओढायची असते. यंत्र मामींनी कपाटात जपून ठेवलं होतं, दम फारच लागला तर असावं म्हणून.

“विचारायचं नाही का?” साहेब मामांवरच डाफरले.

“पाव जळला तर मालक मला विचारतो,” मामा म्हणाले, “पावाला नाही.”

नर्सने पाच मिनिटांत शिकवलं. वर्षभरात ही पाच मिनिटं कोणाला सापडली नव्हती. निकाल महिनाभर लांबला.

जळलेलं फुप्फुस परत येत नाही. पण महिन्याने मामा दवाखान्याचा जिना एकदाच टेकून चढले. साहेबांनी लिहिलं: धुरापासून लांबच्या कामाला लायक. मामा आता कणकेच्या टेबलाशी उभे असतात, भट्टीकडे पाठ करून.

कागदावर खाली कारणही आहे, वळणदार अक्षरात: ‘तीन औषधांच्या योग्य मेळाचा परिणाम.’ मेळ तर तिसऱ्या खेपेपासून जमलेलाच होता. पोटात.