बाईंनी पाय पुढे केला

"आधी हात दाखव," हे बाईंचं पहिलं वाक्य. दारात आलेल्या माणसाचे दोन्ही हात त्या उलटसुलट करून बघत, बोटं दाबून बघत. तुम्ही त्या काळी नौपाड्यात राहत असाल, तर ही बाई हात बघून भविष्य सांगते अशी आवई तुमच्याही कानावर आली असेल. तसलं काही नव्हतं. हात बघून झाले की त्या एवढंच म्हणत, "जमेल. आज नाही, पण जमेल."

मुंबईच्या एका इस्पितळात जन्मभर नर्सचं काम करून बाई ठाण्याला येऊन राहिल्या होत्या. एकट्या, आणि जिभेने चांगल्याच तिखट. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर शाळा भरे, आणि विद्यार्थी सगळे पोराबाळांचे धनी. कुणाचा कारखाना बंद पडलेला, कुणाचा नवरा गेलेला. जखम धुणं, ताप बघणं, रोग्याला कुशीवर वळवणं असं शिकवून बाई त्यांना दवाखान्यात चिकटवून देत. मी आमच्या धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होतो. बाईंची माणसं आमच्याकडे येत आणि त्यांचा गोंधळ निस्तरायला मी असे. त्यामुळे सुरुवातीला बाईंचं नाव काढलं की माझं कपाळ दुखे.

मिठागरात राबलेली एक आगरीण आया म्हणून आली, तर ती वॉर्डाच्या दाराशी चपला काढून, हात जोडून आत शिरायची. मी दोनदा ओरडलो, शेवटी बाईंना बोलावलं.

"बाय, चपला घालून आत कशी जाव? मना नाय जमाचा," ती रडवेली होऊन म्हणाली.

"देवळात देव असतो गं," बाई म्हणाल्या. "इथे फरशीवर काय काय सांडतं ते तूच पुसतेस ना? घाल चपला!"

तिने घातल्या. पुढे कितीतरी दिवस ती नव्या नवरीसारखी पावलं जपत चालायची.

नारायणचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तो कल्याणचा विणकर, चाळिशी उलटलेला. हातमागावर भागेना, तेव्हा माग विकून बाईंकडे आला. घरी बायको, म्हातारी आई, तीन मुलं. बाईंनी त्याला मलमपट्टी शिकवली आणि आमच्याकडे ड्रेसर म्हणून पाठवला. हात इतका स्वच्छ की मीसुद्धा नावं ठेवू शकलो नाही.

एक दिवस खाडीवरचा एक कोळी कोयत्याने हात कापला म्हणून आला. नारायणने सुरेख पट्टी बांधली, एकही घडी वाकडी नाही. दुसऱ्या दिवशी तो कोळी आला तो पट्टी फार आवळल्यामुळे बोटं सुजून निळी पडलेली. मागावर सूत ढिलं पडलं की कापड वाया. वीस-बावीस वर्षं ताण राखत आलेल्या हाताला सैल सोडणं म्हणजे काम बिघडवणंच वाटत होतं. पट्टी वेळेवर सोडली म्हणून त्या बिचाऱ्याची बोटं वाचली.

डॉक्टर संतापले. "उद्यापासून येऊ नका," त्यांनी नारायणला सांगितलं. परत जायला माग कुठे होता?

बाईंना कळलं तशा त्या नारायणला घेऊन तडक दवाखान्यात आल्या. स्टुलावर बसल्या आणि लुगडं जरा वर घेऊन त्यांनी पाय पुढे केला. घोट्यापाशी जखम होती, जुनी, न भरणारी. बाईंना साखरेचा आजार आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

"डॉक्टर, रोज सकाळी हा माझ्या पायाला पट्टी बांधेल. संध्याकाळी तुमच्यासमोर सोडेल. पाय बिघडला तर त्याला घालवा."

"बाई, या आजारात पायाशी खेळ नको. पाय कापावा लागेल!"

"मग कापा. चुकेल कुठे ते त्याला दिसायला नको का? बांध रे नारायणा."

नारायणने हात पुन्हा एकदा धुतले आणि पट्टी उचलली.

संध्याकाळी पट्टी सुटे आणि बाई बोट ठेवून दाखवत, "हा बघ, इथे वळ उठलाय. इथे ओढलंस." सैल बांधली तर पट्टी रस्त्यातच घसरे, मग त्याचीही बोलणी. हळूहळू वळ फिका होत गेला. महिन्याभराने डॉक्टरांनीच म्हटलं, "पुरे बाई, नारायण राहील इथे." त्या दिवशी नारायणने तोंड फिरवून डोळे पुसले, आणि बाईंचं नाव काढलं की माझं कपाळ दुखणं कायमचं थांबलं.

बाईंचं मात्र समाधान नव्हतं. पट्टी त्यांनी त्याच्याकडूनच बांधून घेणं चालू ठेवलं, आणि पुढे कित्येक वर्षं, मला भिंग लावूनही दिसला नसता असा वळ त्या शोधून काढत. "हा बघ. आज नाही, पण जमेल." नारायण मान डोलवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधी.

बाई गेल्या त्या सकाळी आम्ही दोघे गेलो. शेवटची अंघोळ घालायची होती, म्हणून शेजारच्या बायकांनी पायाची पट्टी सोडायला नारायणला आत बोलावलं. आदल्या दिवशी त्यानेच बांधलेली. त्याने रोजच्यासारखी ती गुंडाळत गुंडाळत सोडली, पाय उजेडाकडे वळवला आणि वाकून बराच वेळ बघितलं.

"बाई, आज वळ नाही," तो म्हणाला, आणि पाय हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.