सुभेदारांनी अडवलेला पॉइंट

दर शनिवारी दहा वाजता बेळगावच्या अनगोळातल्या एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात आम्ही आठ माजी सैनिक प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसायचो. समुपदेशन करणाऱ्या मॅडम बेळगावच्याच, वयाने आम्हाला धाकट्या बहिणीसारख्या. गोळीबारात राहून आलेल्या माणसाला परत घरात नांदता यावं म्हणून त्यांनी हे सुरू केलं होतं. एकमेकांसमोर मनातलं बोलायचं, एवढंच औषध.

त्यात मी सगळ्यात खालचा. परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. पलटणीत लांगरी होतो, म्हणजे स्वयंपाकी. बायको निपाणीची, म्हणून निवृत्तीनंतर इकडे बेळगावातच, खासबागेत भाड्याने राहिलो आणि एका दुकानावर पहारेकरी लागलो. बाकीच्यांनी बंदुका चालवलेल्या, मी पोळ्या लाटलेल्या. त्यांनी मला शेजारी खुर्ची दिली हेच मला फार वाटायचं, आणि ती कधीही काढून घेतील अशी भीतीही वाटायची.

पण तिथे कुणी खरं बोलत नव्हतं. पलटणीत दरबार भरतो तेव्हा मोठे साहेब सगळ्यांसमोर विचारतात, कुणाचा काही पॉइंट आहे का? कुणाचाच नसतो. ज्याचा असतो त्याने तो आधी सुभेदारांना सांगितलेला असतो आणि त्यांनी तो तिथेच मिटवलेला असतो. दरबारात कुणी एकाएकी उठून बोललं तर सगळ्या कंपनीची मान खाली जाते. आमच्यात खानापूरकडचे एक सुभेदार होते. ते साडेनऊलाच बाहेर चहाच्या गाड्यावर आम्हाला गोळा करायचे.

"हं, बोला. कुणाचा काय पॉइंट?"

एकेकाने त्यांच्या कानाशी जाऊन सांगायचं. ते पास-नापास करायचे.

"हे न्हाय सांगायचं, मॅडम घाबरतील. तू गुडघेदुखी सांग."

"साहेब, गुडघेदुखी मागच्या शनिवारी मी सांगितली," दुसरा एक नाईक म्हणायचा.

"मग त्यो कंबर सांगंल. लई अवघड हाय व्हय?"

आम्ही हसायचो आणि आत जाऊन गुडघे-कंबर सांगायचो.

माझा पॉइंट मी त्यांना दुसऱ्याच आठवड्यात सांगितला होता. एका दुपारी मी झोपलो होतो. सहा वर्षांची मुलगी चहा झालाय म्हणून उठवायला आली, माझ्या पायाला हात लावला. भानावर आलो तेव्हा ती फरशीवर होती आणि माझा हात तिच्या गळ्यावर. बायकोने लाटण्याने मनगटावर मारलं तेव्हा तो सुटला. त्याच दिवशी बायको तिला घेऊन निपाणीला माहेरी गेली.

सुभेदारांनी ऐकून कप खाली ठेवला. त्यांच्या चहावर साय धरली.

"हा पास न्हाय," ते म्हणाले. "सांग, झोप बरी लागतीया."

मी चार शनिवार तेच सांगितलं.

त्यानंतरच्या शनिवारी मॅडम हसतच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "काल तुमच्या मंडळींचा फोन आलता. मी सांगितलं, झोप लागतेय, बरं चाललंय. उद्या येतो म्हणाल्या मुलीला घेऊन. शाळा बुडते की तिची."

मला दुसरं काही नको होतं. महिनाभर एकट्यासाठी भात टाकून मी कंटाळलो होतो. पण उद्या मुलगी येणार, दुपारी मी कधीतरी आडवा होणार. मी दरबारात उभं राहतात तसा उठून उभा राहिलो.

"मॅडम, तिला येऊ नको म्हणून सांगा."

"लांगरी, बस खाली," सुभेदार म्हणाले.

"साहेब, पॉइंट आहे."

"पास न्हाय त्यो."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. "पास म्हणजे?"

मग मीच सांगितलं, की आम्ही बाहेर ठरवून येतो, झोप आमच्यात कुणालाच लागत नाही. मुलीचं सांगितलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर पाण्याचंही सांगितलं. नोकरीत असताना एकदा डोंगरावरच्या चौकीवर ओढ्याचं पाणी आणायची माझी पाळी होती. माझी डाळ चुलीवर होती म्हणून जोडीदार लांगरी गेला, तो परतला नाही. गोळीबार थांबल्यावर मी डाळ उतरवली आणि सगळ्यांना वाढली, कारण माणसं भुकेली होती. मीही जेवलो.

सुभेदार रागावतील असं वाटलं होतं. ते खाली बघत म्हणाले, "खरं हाय त्येचं. मीच अडवलंतं. ह्या सगळ्यांचं मी ऐकतो, मॅडम. माझा पॉइंट पास करायला वर कोण न्हाय."

"सांगा की," मॅडम म्हणाल्या.

"आज न्हाय. आज ह्येचं बघा."

मॅडमनी बायकोला फोन लावून माझ्या हातात दिला. मी तिला म्हणालो, येऊ नको, मी खोटं सांगितलं होतं.

"अवो, पिशवी भरली की मी," ती म्हणाली. "मग कवा यायचं?"

"माहीत नाही."

"बरं. मग रविवारी तुमीच या हिकडं. जेवून जावा. झोपू नका म्हंजे झालं."

तेव्हापासून मी रविवारी निपाणीला जातो. मुलीचं नाव आता तिथल्याच शाळेत घातलंय. जेवण झालं की डोळे जड होतात, म्हणून मी अंगणात उभा राहतो. सासू म्हणते, "टेका की जरा जावईबापू," आणि बायको तिला डोळ्यांनी गप्प करते. मुलगी उंबऱ्यावर बसून शाळेतलं सांगते, मधूनच कन्नडमध्ये, मला येत नाही म्हणून. माझ्या हाताला लागेल इतकी जवळ ती अजून येत नाही. मीही बोलवत नाही. साडेचारच्या गाडीने परत येतो.